काचेच्या कडेचा ठिपका

"डोकं अजून डावीकडं ने," गेडामभाऊ म्हणाले. "अजून थोडं. आता ठिपका कोठं दिसते?"

"काचेच्या कडेला."

"आन पोत्यावर?"

"खुणेवरच आहे. बरोबर खुणेवर."

"मार मग."

मी चाप ओढला. हवेच्या दाबावर चालणारी आमची रायफल फुस्सकन वाजली आणि रिकामी डार्ट, एरवी जनावराला बेशुद्ध करायचं औषध जिच्यात भरतात ती सुई, कोंडा भरलेल्या पोत्यात घुसली. खुणेत मात्र नाही. खुणेच्या बाजूला, बोट-दीड बोट सोडून.

"पाह्यलं? ठिपका खुणेवर होता. रायफल हालली नाही, पोतं हाललं नाही. तुहा डोळा मधात नव्हता, बस एवढंच."

रायफलीवर एक छोटी गोल काच बसवलेली होती. तिच्यात लाल ठिपका दिसायचा. ठिपका जनावरावर ठेवायचा आणि चाप ओढायचा, इतकं सोपं ते मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. पण डोळा काचेच्या मधोमध नसला तर ठिपका सरकतो. लांबच्या निशाण्यावर ही सरक कळतही नाही. जनावर खोलीभर अंतरावर असलं की मात्र ठिपका एकीकडे आणि डार्ट दुसरीकडे. पथकातले जनावरांचे डॉक्टर पिंपळापुरे याला पॅरलॅक्स म्हणायचे. गेडामभाऊ नुसतं 'सरक' म्हणायचे. वर त्यांचं दुसरं पालुपद असायचं: काच नळीच्या वर बसवलेली आहे, म्हणून जवळून मारताना डार्ट ठिपक्याच्या तीन बोटं खाली लागते. रायफल आडवी झाली तर तीच तीन बोटं बाजूला जातात.

"दोन्ही चुका एकाच बाजूनं पडल्या तर किती?"

"चार बोटं. थोडी जास्तच."

"चार बोटात माणूस मरते," ते म्हणायचे आणि पोत्याकडे बघत राहायचे.

मी तेव्हा वनरक्षक होते. नोकरीला तीन-चार वर्षं झाली असतील. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या बचाव पथकात मी एकटीच बाई. गावात बिबट शिरला, विहिरीत अस्वल पडलं, की आम्ही जायचो. देवाजी गेडाम हे वनपाल. पथकातले नेमबाज तेच. दुसरा एक नेमबाज होता, त्याची बदली झाली आणि त्याच्या जागी कोणी आलंच नाही. भाऊंचं अंग भारदस्त, मिशा पांढऱ्या होत आलेल्या, बोलणं मोजकं. उन्हाळ्यात एका गोठ्यातल्या बिबट्यावर त्यांनी अगदी जवळून मारलेली डार्ट भिंतीला लागली होती. दुसरी लागली, काम झालं, कोणी काही बोललं नाही. त्यानंतरच त्यांनी मला रोज सकाळी कार्यालयाच्या मागे न्यायला सुरुवात केली. लांबचा निशाणा कधीच नाही. कायम जवळचा. कधी उभी, कधी पालथी, कधी खांद्याखाली लाकूड देऊन वाकडी. मी मारलं की ते स्वतः त्याच जागेवरून एक मारायचे, पोत्याजवळ जाऊन दोन्ही डार्ट बघायचे आणि काही न बोलता रायफल परत माझ्या हातात द्यायचे.

मला वाटायचं, यांचा माझ्यावर भरवसा नाही. बाईला कसं जमेल, हेच हे रोज तपासून बघतात. घरी आल्यावर मी आईजवळ चिडचिड करायची.

धानाची कापणी चालू होती तेव्हा कोसंबटोल्याहून फोन आला. सकाळची वेळ होती. कुत्र्याच्या मागे धावत आलेला बिबट एका घरात शिरला होता आणि घरात बाई होती.

आम्ही पोचलो तेव्हा त्या घराभोवती सारं गाव गोळा झालं होतं. हातात काठ्या, विळे, कुऱ्हाडी. घर एकाच खोलीचं, मातीच्या भिंती, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. दार एकच. त्याची एक फळी निखळलेली, त्यामुळे ते बाहेरून धड लागतही नव्हतं. बाईचा नवरा मुखरू दाराशीच उभा होता.

"आतमधी फुलवंता हाय, साहेब. बैलगाडीवरून पडली होती, पायाले पलस्तर हाय तिच्या. उठता येत नाही तिले."

"जित्राब कोठं हाय?" भाऊंनी विचारलं.

"ढोलीच्या मांगं. खाटेच्या बाजूलेच."

भाऊंनी दाराच्या फटीतून पाहिलं. मीही पाहिलं. एका भिंतीशी खाट, खाटेवर चाळिशीची बाई भिंतीला पाठ लावून बसलेली, पांढरा पाय पुढे लांब केलेला. खाटेच्या पलीकडे धान साठवायची मातीनं लिंपलेली मोठी ढोली. ढोली आणि खाट यांच्या मधल्या बोळकांडीत काहीतरी होतं. दिसत नव्हतं, पण श्वास ऐकू येत होता.

भाऊंनी आधी लोकांना हात जोडले. "मागं सरका. वाट द्या त्याले. वाट मोकळी दिसली की ते आपोआप निंघून जाईन."

कोणी सरकलं नाही. मागचे आणखी पुढे आले. कोणीतरी ओरडलं, "पेटवून द्या घर!" तर दुसरा त्याच्यावर ओरडला, "बाई हाय ना बे आत!"

शेवटी डॉक्टरांनी डार्ट भरली. दारातून नेम बसणं शक्य नव्हतं, मधे ढोली होती. वरून, छपरातूनच मारावं लागणार होतं. शिडी लागली. भाऊ रायफल घेऊन शिडीच्या पहिल्या पायरीपाशी गेले आणि तिथे थांबले. मान वर करून छपराकडे बघत राहिले. मग वळले आणि रायफल माझ्यापुढे धरली.

"तू चढ."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मी?"

"तूच."

मुखरूनं ते पाहिलं. "काऊन जी? पोरीले चढवता? तुम्ही काऊन नाही जात?" तो भाऊंच्या पुढ्यात आला. "माही बायको आत हाय. खेळ हाय का हा?"

गर्दीतून कोणी हसलं. कोणी म्हणालं, "घाबरला, साहेब घाबरला." भाऊंनी मुखरूकडे पाहिलं. त्यांनी अंगणाच्या कुडाची एक बांबूची ताटी उपसली आणि ती पुढे धरून ते दारात जाऊन उभे राहिले. दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत. डॉक्टर म्हणाले, "गेडाम, आत नको." तर ते म्हणाले, "डार्ट लागल्यावर ते दाराकडंच येईन. अन् बाहेर एवढे लोकं हाय. त्याचं तोंड माह्याकडं राह्यलं पाह्यजे, खाटेकडं नाही."

मी चढले. पोटावर सरपटत गेले, कवेलू एकेक करून बाजूला काढले आणि खाली पाहिलं.

बिबट खाटेला चिकटून बसला होता. तोंड दाराकडे, कान मागे पडलेले. त्याचं मागचं पुठ्ठं वरून स्वच्छ दिसत होतं. आणि त्या पुठ्ठ्याच्या अगदी लगत, खाटेच्या काठावर, फुलवंताचा पलस्तरातला पाय होता. गुडघ्याच्या वर पलस्तर संपलं होतं.

तिनं मान वर केली आणि मला पाहिलं. ओठ हलले.

मी रायफल खाली केली. भोकाच्या मधोमध छपराचं आडं आलं होतं. त्याच्या एका बाजूनं डोकं घालावं तर रायफल तिरपी होत होती. लाल ठिपका दिसला, पण काचेच्या पार कडेला. पुठ्ठ्यावर होता. बरोबर पुठ्ठ्यावर. माझ्या जागी काही न शिकलेला माणूस असता तर त्यानं तेव्हाच चाप ओढला असता, आणि मलाही ओढावासा वाटला. मग मी हिशेब केला. डोळा डावीकडे, रायफलही डावीकडेच कललेली. दोन्ही चुका एकाच बाजूला पडत होत्या. खाटेच्या बाजूला.

बिबट्यासाठी भरलेलं ते औषध तिच्या मांडीत गेलं असतं, तर चंद्रपूरला पोचेपर्यंत ती जिवंत राहिली असती की नाही, डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

"मार ना बाई!" खालून आरडाओरडा सुरू झाला. "दिसून राह्यलं ना? मार!"

"ठिपका कडेला आहे," मी म्हणाले. मोठ्यानं नाही. पण भाऊंना ऐकू गेलं.

"मग मारू नोको," ते म्हणाले. ते दारातून बिबट्याकडेच बघत होते, आवाज मात्र कार्यालयामागच्या रोजच्या सकाळसारखा. "डोळा मधात आण. घाई नाही. मी उभा हाव."

आड्याच्या दुसऱ्या बाजूचे कवेलू काढावे लागणार होते. मी एक काढला, दुसरा काढला. तिसऱ्याचा तुकडा निसटला आणि आत, ढोलीवर जाऊन फुटला.

पिवळा पट्टा उडावा तसा बिबट दाराकडे गेला. ताटी कडकडली. मला भाऊंचा खांदा मागे गेलेला दिसला, आणि बांबूच्या फटीतून आत आलेला पंजा. बाहेरची गर्दी किंचाळत मागे पळाली. जी जागा हात जोडून मिळाली नव्हती, ती एका क्षणात मोकळी झाली. पण भाऊ सरकले नाहीत. ताटीमागून त्यांनी घसा खाकरल्यासारखा एक आवाज काढला, हलका, आणि बिबट गुरगुरत परत खाटेलगत जाऊन बसला. तोंड पुन्हा त्यांच्याकडे.

ताटीच्या खाली उंबऱ्यावर लाल थेंब पडत होते.

"भाऊ!"

"घाई नाही," ते म्हणाले. आता श्वास लागला होता. "डोळा मधात आण, कुंदा."

मी आड्याच्या दुसऱ्या बाजूनं डोकं आणि खांदे आत घातले. एक बांबू कुशीत रुतत होता. रायफल सरळ झाली. गाल दस्त्याला लागला. ठिपका काचेच्या मधोमध येऊन थांबला, तेवढा, मोहरीएवढा. मी तो पुठ्ठ्याच्या तीन बोटं वर धरला आणि चाप ओढला.

डार्ट पुठ्ठ्यात लागली.

पुढची काही मिनिटं मला आजही सलग आठवत नाहीत. औषध चढायला वेळ लागतो. बिबट उठला, गरगरला, एकदा खाटेवर तोंड आपटलं, आणि पुन्हा दाराकडे गेला. यावेळी उडी नव्हती, चालत गेला. ताटीवर डोकं टेकलं, पुढचे पाय वाकले, आणि तो तिथेच, भाऊंच्या पायाशी, आडवा झाला. डॉक्टर आत येऊन त्यांच्या हाताला हात लावेपर्यंत भाऊंनी ताटी सोडली नाही. सोडली तेव्हा त्यांचा डावा खांदा उघडा पडलेला होता. ते खाली बसले आणि म्हणाले, "बाईले आधी बाहेर काढा."

बिबट शुद्धीवर आला, तपासला, दूरच्या जंगलात सोडला गेला. फुलवंताला ओरखडासुद्धा नव्हता. भाऊ मात्र दीड महिना दवाखान्यात होते. खांद्याचा स्नायू फाटला होता, जखमेत पू झाला, दोनदा पुन्हा उघडावी लागली. मी भेटायला जायची तेव्हा ते डोळे मिटून पडलेले असायचे. रायफल मला का दिली, हे मी विचारलं नाही. मनात मला उत्तर सापडलं होतं असं वाटायचं. भरवसा होता म्हणून दिली. इतके दिवस मी उगाच चिडत होते.

गावात वेगळंच चाललं होतं. मोठे साहेब घाबरले आणि पोरीला छपरावर चढवलं, ही गोष्ट आठवडी बाजारातून आजूबाजूच्या गावांत पोचली. एका लहानशा वर्तमानपत्रात तसंच छापून आलं. वर कोणीतरी तक्रार केली, आणि विभागीय कार्यालयातून एक अधिकारी चौकशीला आले. आमच्याच कार्यालयात टेबल लावलं. डॉक्टर होते, मी होते, गावातले चार लोक होते. भाऊ खांद्याला पट्टा बांधून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते.

गावकऱ्यांनी सांगितलं ते सगळं खरंच होतं. साहेब शिडीपाशी थांबले. रायफल पोरीच्या हातात दिली. आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

तेवढ्यात मुखरूनं फुलवंताला आत आणलं. काखेत कुबडी होती. अधिकारी म्हणाले, "बाई, तुम्हाला बोलावलं नव्हतं." ती म्हणाली, "मी आपल्या मनानं आली." बसायला खुर्ची दिली, बसली नाही.

"साहेब, हे सारे याच्या पाठीमांगून पाहत होते," ती म्हणाली. "मी पुढून पाह्यलं. बिबट अंगावर आला तवा हे लोकं बोरीच्या बनापर्यंत पळाले. माहा मालकबी पळाला. इचारा त्याले." मुखरूनं मान खाली घातली. "हा माणूस हालला नाही. रगत माह्या उंबऱ्यावर सांडून राह्यलं होतं, अन् हा मले म्हणे, बाई, डोळे मिटू नोको, माह्याकडं पाह्य. मी त्याच्याकडंच पाहत राह्यली. म्हणून वाचली. घाबरला म्हणते त्यानं माह्यापुढं येऊन म्हणावं."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "मला वाटतं, आता विचारण्यासारखं काही उरलं नाही. प्रकरण इथेच संपवायला हरकत नाही." डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला. मी भाऊंकडे पाहिलं.

ते उठून उभे राहिले. "साहेब, माहं एक सांगाचं राह्यलं."

"बसा, गेडाम. गरज नाही."

"हाय जी." ते उभेच राहिले. "मी घाबरलो नाही, ते बाईनं सांगतलं. पण शिडीपाशी थांबलो ते कारण वेगळं हाय. मले ठिपका दिसत नाही."

अधिकाऱ्यांना समजलं नाही. मलाही नाही.

"उन्हाळ्यात गोठ्यात माहा नेम चुकला. पहिले वाटलं काचेतच खोट हाय. सरक जास्त हाय. म्हणून रोज सकाळी हिच्या हातानं मारून पाह्यलं. वाकडं बसवून, पालथं झोपवून, कसंबी. हिची डार्ट हिशेबानं जेथं पडाले पाह्यजे, तेथंच पडे. त्याच जागेवरून माही कोठंही जाय. काच सरळ होती साहेब. माहा डोळाच गेला होता. एक ठिपका दिसतच नाही मले. फुटलेली लाल चांदणी दिसते, अन् तिच्या बाजूले आणखी एक. त्यातली खरी कोणती, कळत नाही."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पावसाळ्यात पक्कं समजलं."

"मग तेव्हाच का नाही कळवलंत?"

"कळवलं असतं तर रायफल जमा झाली असती. दुसरं मारणारं कोणी नव्हतं. गावातून फोन तर येतच होते. म्हटलं, ही पोरगी तयार होऊ द्या, मंग सांगू. मधात कोणाचा जीव गेला असता तर तो माह्या माथ्यावर होता, हेबी माहीत होतं." त्यांनी खांद्याचा पट्टा सारखा केला. "चूक असन तर लिवा, साहेब. पण बाई खरं बोलून गेली, आता मी अर्धं ठेवून कसा जाऊ?"

अधिकाऱ्यांनी पेन पुन्हा उचललं. मग लिहिलं.

भाऊंना ताकीद मिळाली. पथकातून काढून त्यांना रोपवाटिकेवर पाठवलं. त्यानंतर आमच्या विभागात रायफल हाती देण्याआधी डोळे तपासायची पद्धत सुरू झाली. रायफल माझ्या नावावर झाली. ती मी सही करून घेतली आणि तडक घरी गेले. मला राग आला होता आणि तो नेमका कशाचा, ते कळत नव्हतं. सहा महिने मी तपासली जाते आहे असं मला वाटत होतं, आणि तपासत ते स्वतःला होते. भरवसा म्हणून रायफल दिली असं मी समजले होते, तेही खोटं निघालं होतं.

मार्च-एप्रिलमध्ये कधीतरी मी रोपवाटिकेवर गेले. भाऊंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हिरवा चष्मा होता. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. सागाच्या रोपांच्या पिशव्या ते एकेक करून उन्हातून सावलीत नेत होते. मला बघून म्हणाले, "जेवली का?"

मी ते सोडून सरळ विचारलं. "तुम्हाला माझ्यावर विश्वास होता म्हणून रायफल दिलीत, असं मला वाटत होतं."

ते थांबले. हातातली पिशवी खाली ठेवली, तिची माती चापटली.

"नाही," ते म्हणाले. "रायफल दिली, कारण मले दिसत नव्हतं. दुसरा इलाजच नव्हता." मग, माझ्याकडे न बघता, "विश्वास होता म्हणून तर दारात उभा राह्यलो."

ऊन वर आलं होतं. ते पुन्हा वाकले आणि एका हातानं पुढची पिशवी ओढू लागले. मी चपला कडेला काढून ठेवल्या आणि दोन पिशव्या उचलून त्यांच्यामागे सावलीत नेल्या. ती ओळ संपेपर्यंत आम्ही दोघं काम करत राहिलो.